एकाच पत्रकाराच्या बातम्यांनी लंडनमध्ये सरकार पडलं, अमेरिकेत मात्र त्यालाच गाशा गुंडाळावा लागला

युद्ध एकच, पण प्रत्येक देशातली बातमी वेगळी. हे आजचं नाही. विल्यम हॉवर्ड रसेल यांनी हे १७० वर्षांपूर्वीच अनुभवलं होतं.

१८२० मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्या रसेल यांना 'द टाइम्स'ने १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धावर पाठवलं. ब्रिटन आणि फ्रान्स मिळून रशियाशी लढत होते. फ्रान्समध्ये तिसऱ्या नेपोलियनचा वर्तमानपत्रांवर कडक पहारा होता, ब्रिटनमध्ये तसा नव्हता. त्यामुळे थंडीने आणि कॉलऱ्याने मरणारे सैनिक, औषधांचा तुटवडा, हे सगळं रसेल यांच्या बातम्यांतून घराघरांत पोहोचलं. लोक खवळले आणि १८५५ मध्ये अॅबरडीन यांचं सरकार कोसळलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सेनापतीनेही बातम्यांवर निर्बंध आणले.

१८५८ मध्ये रसेल भारतात आले. ब्रिटिश वर्तमानपत्रं उठाववाल्यांच्या क्रौर्याच्या कथांनी भरलेली होती. रसेल यांनी त्यातल्या ऐकीव कथांवर शंका घेतली आणि ब्रिटिशांनी उगवलेल्या सूडाबद्दलही लिहिलं.

१८६१ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात, बुल रनच्या लढाईनंतर उत्तरेच्या फौजेची उडालेली पळापळ त्यांनी जशीच्या तशी मांडली. उत्तरेतली वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. रसेल स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होते, पण 'टाइम्स'चा कल दक्षिणेकडे होता. त्यामुळे खरी बातमीही शत्रूचा प्रचार ठरली. १८६२ मध्ये फौजेसोबत जायची परवानगी नाकारली गेली आणि ते मायदेशी परतले.

ब्रिटनने त्यांना १८९५ मध्ये 'सर' हा किताब दिला. १९०७ मध्ये त्यांचं निधन झालं.