कायद्यापलीकडचे घर : डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

संयुक्त राष्ट्रांच्या वतीने ३० जुलै हा दिवस मानवी तस्करीविरोधी जागतिक दिन म्हणून पाळला जातो. योगायोगाने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचा जन्मदिवसही हाच. तमिळनाडूतील सरकारी रुग्णालयांत तो त्यांच्या स्मरणार्थ रुग्णालय दिन म्हणून साजरा होतो. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या आरंभीच्या महिला डॉक्टरांपैकी एक, ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिल्या महिला विधिमंडळ सदस्य आणि अड्यार येथील कर्करोग संस्थेच्या संस्थापक या नात्यांनी त्यांचा लौकिक देशभर आहे. मात्र देहविक्रयाच्या जाळ्यातून सुटलेल्या किंवा त्यात ओढल्या जाण्याच्या बेतात असलेल्या मुलींसाठी त्यांनी उभारलेले घर हे त्यांच्या कार्याचे सर्वांत मोलाचे अंग म्हणावे लागेल. कायदा करणे आणि सुटलेल्या मुलीला आधार देणे ही दोन वेगळी कामे आहेत, याची जाणीव त्यांना अनुभवातून झाली.

मुथुलक्ष्मी यांचा जन्म १८८६ मध्ये पुदुकोट्टई संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आई चंद्रम्माळ या देवदासींची परंपरा असलेल्या समाजातील होत्या. या विवाहामुळे अय्यर यांना त्यांच्या नातलगांनी दूर केले. देवळाशी बांधलेल्या स्त्रियांचे जीवन मुथुलक्ष्मींना त्यामुळे परके नव्हते. समाजात त्या स्त्रियांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हेही त्यांनी लहानपणापासून जवळून अनुभवले होते.

दक्षिणेत लहान मुलीच्या गळ्यात देवाच्या नावाने पोट्टू बांधला की, तिचा विवाह देवाशी झाला असे मानले जाई. पुढे तिला कोणाशी लग्न करता येत नसे. महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमाभागात यल्लम्माला वाहिलेल्या मुली आणि खंडोबाला सोडलेल्या मुरळ्या यांच्या वाट्यालाही निराळ्या विधींनी असेच जिणे येत असे. दक्षिणेतील देवदासी नृत्य-गायनात निपुण असत. त्यांपैकी काहींना मानमरातब आणि मालमत्ताही होती. परंतु राजाश्रय ओसरला, तशी ही प्रतिष्ठा उरली नाही. कला मागे पडली आणि अनेक मुलींच्या नशिबी एखाद्या धनिकाची मर्जी किंवा शहरातील कुंटणखाना एवढेच उरले. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणे वा विकत घेणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हाच होता. तथापि, त्या व्यवहाराला धर्मविधीचे वस्त्र चढले की, पोलीस आणि न्यायालये यांचे हात बहुधा आखडते होत.

मुथुलक्ष्मींचे शिक्षण हीच त्या काळी एक लढाई होती. मॅट्रिकनंतर मुलांच्या महाराजा महाविद्यालयात त्यांना प्रवेश देण्यास विरोध झाला. संस्थानच्या राजांनी तो बाजूला सारला. १९०७ मध्ये त्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये पारितोषिकांसह पदवीधर झाल्या. एग्मोर येथील स्त्रिया व बालकांच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी हाऊस सर्जन म्हणून काम केले. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह करताना, आपल्याला बरोबरीने वागवावे आणि आपल्या कामात अडथळा आणू नये, ही अट त्यांनी घातली होती. ती पाळली गेली.

उच्च शिक्षणासाठी त्या १९२५ मध्ये इंग्लंडला गेल्या. परतल्यानंतर त्यांना मद्रास विधान परिषदेवर नेमण्यात आले. वैद्यकीय व्यवसायाला बाधा येईल म्हणून हे पद स्वीकारताना त्यांची चलबिचल झाली होती. तरीही १९२७ मध्ये त्या परिषदेत दाखल झाल्या आणि सभागृहाने त्यांची एकमताने उपाध्यक्षपदी निवड केली. त्याच वर्षी त्यांनी मुलींना देवाला वाहण्याची प्रथा कायद्याने बंद करण्याची शिफारस करणारा ठराव मांडला.

या प्रथेचे मूळ श्रद्धेइतकेच जमिनीतही आहे, हे मुथुलक्ष्मींनी ओळखले होते. देवळाच्या सेवेच्या मोबदल्यात देवदासींच्या घराण्यांना इनाम जमिनी मिळालेल्या असत. सेवा खंडित झाली तर जमीन जाण्याची भीती असे. त्यामुळे घरातील एक तरी मुलगी देवाला वाहणे हा पोटाचा प्रश्न बनत असे. आई निर्दय होती म्हणून मुलीच्या गळ्यात पोट्टू बांधत नसे. जमीन टिकवण्याचा दुसरा मार्ग तिला दिसत नसे. मुथुलक्ष्मींच्या पुढाकाराने १९२९ मध्ये मद्रासच्या हिंदू धार्मिक देणगी कायद्यात दुरुस्ती झाली आणि या जमिनी देवळातील सेवेच्या अटीतून मोकळ्या झाल्या. मुलगी वाहिली नाही तरी जमीन घरात राहणार होती. शोषणाच्या मुळाशी असलेली आर्थिक गाठ आधी सोडवली पाहिजे, हे तत्त्व आज तस्करीविरोधी कामात सर्वमान्य आहे. मद्रासमध्ये त्याचा प्रयोग जवळपास शंभर वर्षांपूर्वी झाला होता.

कुंटणखाने आणि स्त्रिया व मुलींचा व्यापार यांना आळा घालणारा मद्रास इलाख्याचा कायदा १९३० मध्ये संमत झाला. त्यासाठीही मुथुलक्ष्मींनी सभागृहात आणि सभागृहाबाहेर आग्रह धरला होता. देवाला मुली वाहण्यास थेट बंदी घालणारे विधेयक त्यांनी त्याच काळात मांडले. ते मात्र रखडले. एस. सत्यमूर्तींसारख्या काँग्रेसमधील वजनदार नेत्याचा त्याला विरोध होता. परंपरा आणि कला यांवर घाला येत असल्याची ओरड झाली. महात्मा गांधी आणि पेरियार रामस्वामी यांची मते इतर अनेक बाबतींत परस्परविरोधी होती, पण या प्रश्नावर दोघांचेही बळ सुधारणेच्या बाजूने होते. स्वतः देवदासी जीवनातून बाहेर पडलेल्या मूवलूर रामामिर्थम अम्माळ गावोगाव फिरून या प्रथेविरुद्ध बोलत होत्या. १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, तेव्हा तिच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मींनी विधान परिषदेचा राजीनामा दिला आणि विधेयक मार्गी लागण्याआधीच त्यांनी सभागृह सोडले.

याच सुमारास घडलेल्या एका प्रसंगाने त्यांच्या कार्याला नवे वळण दिले. देवदासी घरांतील काही मुली त्या जीवनातून सुटण्यासाठी त्यांच्या आश्रयाला आल्या. त्यांना शिकायचे होते. मुथुलक्ष्मींनी त्यांना शहरातील मुलींच्या वसतिगृहांत ठेवण्याचा प्रयत्न केला, पण या मुलींची पार्श्वभूमी कळताच दारे बंद झाली. कोणाला त्यांच्या जातीची अडचण होती, तर कोणाला त्यांच्या सहवासाने इतर मुली बिघडतील अशी धास्ती वाटत होती. प्रथेविरुद्धच्या ठरावाला संमती देणारा समाज, त्या प्रथेतून निसटून आलेल्या मुलीला आपल्या मुलींच्या शेजारी झोपू द्यायला तयार नव्हता.

मुथुलक्ष्मींनी त्या मुलींना आपल्या घरी ठेवून घेतले. त्यातूनच अव्वै होम ही संस्था जन्माला आली. अव्वैयार या प्राचीन तमिळ कवयित्री. त्यांची नीतिवचने तमिळ घरांतील मुले अक्षरओळखीबरोबरच शिकतात. शोषणाचा किंवा पतनाचा उल्लेख करणारे नाव संस्थेला दिले नाही, ही गोष्ट लहान वाटली तरी महत्त्वाची आहे. त्या घराचा पत्ता सांगताना मुलीला मान खाली घालावी लागणार नव्हती. संस्था पुढे अड्यारला स्थिरावली. जातिधर्माचा भेद न करता तेथे मुलींना प्रवेश मिळत असे. देवदासी घरांतील मुलींबरोबर अनाथ, निराधार आणि टाकून दिलेल्या मुलीही तेथे आल्या. निवारा, अन्न आणि औषधोपचार यांबरोबर शाळा सुरू झाली. शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण आणि हाताला काम देणारी कौशल्ये यांची जोड मिळाली.

तस्करीतून सुटलेल्या मुलींच्या शुश्रूषेचा विचार आज मानसिक आघाताच्या अंगाने केला जातो. दीर्घकाळ भीती, मारहाण आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीचे शरीर सुटकेनंतरही धोक्याच्याच अवस्थेत राहते. झोप लागत नाही, आवाजाने दचकायला होते, घटनांचा क्रम आठवत नाही, मदतीला आलेल्या माणसाचाही संशय येतो. काही मुली रागावतात, काही गप्प होतात, काही पुन्हा त्याच माणसांकडे परत जातात. पूर्वी याला हट्ट, खोटारडेपणा किंवा कृतघ्नता म्हटले जाई. आज ती आघाताची लक्षणे मानली जातात. म्हणून उपचारांत पहिले स्थान सुरक्षिततेला दिले जाते. घडलेली हकीकत पोलीस, डॉक्टर, समुपदेशक आणि न्यायालय अशा प्रत्येक ठिकाणी नव्याने सांगायला लावू नये, तपासणीपूर्वी संमती घ्यावी, दिलेला शब्द पाळावा, रोजच्या लहानसहान गोष्टींत निवड करू द्यावी, समदुःखी स्त्रियांचा आधार मिळवून द्यावा आणि पुढच्या कमाईची सोय लावावी, ही या पद्धतीची सूत्रे आहेत.

मुथुलक्ष्मींच्या काळी ही परिभाषा नव्हती आणि अव्वै होम हे मानसोपचार केंद्रही नव्हते. तथापि, या सूत्रांपैकी काही तेथे दिसतात. दार बंद न करणे, कलंक लावणारे नाव न देणे, मुलीला तिच्या भूतकाळापेक्षा तिच्या अभ्यासावरून ओळखणे आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतका वेळ देणे, या गोष्टी त्यांच्यातल्या डॉक्टरला उमगल्या होत्या. जखमेवर एकदा पट्टी बांधून रुग्णाला घरी पाठवता येते. ज्या मुलीला घरच नाही तिच्या बाबतीत तसे करता येत नाही.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही इतिहासाने नोंदवल्या आहेत. बंगळूर नागरत्नम्मा यांच्यासारख्या विदुषी गायिकेने आणि मद्रासच्या देवदासींच्या संघटनेने प्रस्तावित कायद्याला विरोध केला होता. आपण कलावंत असून, सरसकट वेश्या ठरवले जाऊ नये, आपले हक्क आणि मालमत्ता यांवर गदा येऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. मुथुलक्ष्मींनी लहान मुलींवरील अन्याय पाहिला आणि तो थांबवण्याची त्यांची घाई रास्त होती. प्रौढ देवदासींचे हे गाऱ्हाणे मात्र सुधारकांच्या कोलाहलात पुरेसे ऐकले गेले नाही. त्यांचे नृत्य पुढे प्रतिष्ठित घरांतील मुलींनी रंगमंचावर नेले आणि ज्या घराण्यांनी ते पिढ्यानपिढ्या जपले होते, त्यांतील अनेक स्त्रिया उपेक्षित राहिल्या. जिच्यासाठी सुधारणा करायची तिला विचारल्याशिवाय ती पुरी होत नाही, हा धडा या चळवळीच्या यशाइतकाच तिच्या उणिवेतूनही मिळतो.

मुंबई इलाख्याने १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा केला. मद्रासमधील बंदीचा कायदा १९४७ मध्ये संमत झाला. मुथुलक्ष्मींनी ठराव मांडल्याला तोवर वीस वर्षे लोटली होती. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद २३ नुसार माणसांच्या व्यापाराला मनाई केली आणि १९५६ मध्ये अनैतिक व्यापारविरोधी कायदा देशभरासाठी आला. तरीही कर्नाटकाला १९८२ मध्ये, आंध्र प्रदेशाला १९८८ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ च्या अधिनियमाने देवदासी प्रथेविरुद्ध पुन्हा कायदे करावे लागले, यावरून या प्रश्नाची मुळे किती खोल होती हे ध्यानात येते. महाराष्ट्राच्या कायद्यात बंदीबरोबर पुनर्वसनाचाही विचार आहे.

उत्तरायुष्यात मुथुलक्ष्मींनी दुसरे मोठे काम हाती घेतले. धाकट्या बहिणीचा कर्करोगाने झालेला मृत्यू त्यांच्या मनातून गेला नव्हता. १९५२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते अड्यारच्या कर्करोग संस्थेची पायाभरणी झाली आणि १९५४ मध्ये अवघ्या बारा खाटांनिशी रुग्णालय सुरू झाले. पुत्र डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी पुढे ते नावारूपाला आणले. १९५६ मध्ये मुथुलक्ष्मींना पद्मभूषण किताब मिळाला. २२ जुलै १९६८ रोजी, वयाची ८२ वर्षे पूर्ण होण्यास आठवडा उरला असताना, त्यांचे निधन झाले.

कर्करुग्णालय आणि अव्वै होम या दोन्ही संस्था आजही कार्यरत आहेत. छाप्यातून सोडवलेल्या मुलीची आकडेवारीत नोंद होते, तेव्हा तिच्या आयुष्यातील अवघड भाग नुकताच सुरू झालेला असतो. त्या रात्री ती कोठे झोपणार, सकाळी तिला कोणत्या नावाने हाक मारली जाणार आणि वर्षभराने ती काय करत असेल, हे प्रश्न छाप्याच्या बातमीत बहुधा येत नाहीत. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासमोर ते दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांनी आपले घर उघडले.