पायातली गुठळी छातीत पोहोचते हे ज्याने सिद्ध केलं, त्या डॉक्टरला सरकारने नोकरीवरून काढलं होतं

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत पनवेलच्या पळस्पे फाट्यावर काय परिस्थिती असते, हे कोकणातल्या चाकरमान्याला वेगळं सांगायला नको. मुंबई-गोवा हायवे इथून सुरू होतो आणि गाड्यांची रांगही इथूनच. एसटीत, ट्रॅव्हल्समध्ये माणसं आठ-आठ, दहा-दहा तास गुडघे दुमडून बसतात. उतरताना चपला घट्ट झालेल्या असतात, पाय जड लागतात. बहुतेकांचे पाय रात्रभरात पूर्ववत होतात. पण क्वचित एखाद्याची एकच पोटरी सुजलेली राहते, दुखते, हाताला गरम लागते. घरातलं कुणीतरी तेलाची वाटी घेऊन चोळायला बसतं.

तिथेच थांबायला हवं. कारण ती सूज पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची असू शकते. डॉक्टर याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस किंवा थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी सुटली तर फुफ्फुसात जाऊन अडकते, आणि ती मोठी असेल तर चालता-बोलता माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो.

आता पायातली गुठळी छातीत कशी जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या नामवंत डॉक्टरांनाही हे माहीत नव्हतं. हा गुंता सोडवला बर्लिनमधल्या पंचविशीतल्या एका डॉक्टरने. त्याचं नाव रुडॉल्फ विरचो. जर्मन उच्चार फिर्शो असा काहीसा होतो, पण आपल्याकडे मेडिकलची पोरं विरचोच म्हणतात.

विरचोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा, प्रशियातल्या शिफेलबाइन या छोट्या गावातला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. वडील शेती बघायचे आणि गावच्या खजिन्याचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. १८३९ मध्ये त्याला बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मोफत शिक्षण मिळालं. १८४३ मध्ये तो डॉक्टर झाला आणि शारिते या मोठ्या हॉस्पिटलात लागला. काम होतं मेलेल्या पेशंटची शरीरं उघडून मरणाचं कारण शोधण्याचं.

तेव्हा फ्रान्सच्या क्रूवेये या प्राध्यापकाचा दबदबा होता. त्याच्या मते जवळजवळ प्रत्येक आजाराच्या मुळाशी शिरेचा दाह असायचा. फुफ्फुसात गुठळी सापडली तर ती तिथल्याच दाहामुळे तिथेच तयार झाली, असं मानलं जायचं. विरचोच्या वरिष्ठांनी त्याला हाच विषय तपासायला दिला.

विरचो शरीरं उघडत गेला आणि एक गोष्ट त्याच्या नजरेत भरली. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी असलेल्या अनेक मृतांच्या पायाच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांतही गुठळी होती. शिवाय फुफ्फुसातल्या गुठळीच्या आजूबाजूची धमनी बऱ्याचदा निरोगी दिसायची. दाहाने गुठळी झाली म्हणावं, तर दाह कुठे होता?

यावरून त्याला वाटलं की गुठळी बाहेरून वाहत आली असावी. पायातलं रक्त शिरांतून वर हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून फुफ्फुसात. या वाटेवर शिरा वर वर रुंद होत जातात, त्यामुळे सुटलेल्या गुठळीला अडवणारं काही नसतं. रस्ता पुन्हा अरुंद होतो तो थेट फुफ्फुसाच्या धमन्यांमध्ये, आणि गुठळी तिथे जाऊन बसते.

पण हा अंदाज झाला, पुरावा हवा होता. त्याने कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत रबराचे तुकडे आणि रक्ताच्या गुठळ्या सोडल्या. नंतर ती कुत्री उघडून पाहिली तर तुकडे फुफ्फुसाच्या धमन्यांत अडकलेले. रबराचा तुकडा काही तिथल्या दाहातून तयार झालेला नसतो! आज हे प्रयोग क्रूर वाटतील आणि ते होतेही, पण वाद त्यांनीच मिटवला. जागेवर गुठळी होण्याला थ्रॉम्बोसिस आणि ती वाहत जाऊन दुसरीकडे अडकण्याला एम्बोलिझम, ही दोन्ही नावं विरचोने रूढ केली. आजचे डॉक्टर फाइलवर तीच लिहितात.

इथवर गोष्ट एका हुशार डॉक्टरची आहे. सरकार चिडलं ते पुढच्या प्रकरणामुळे.

१८४८ च्या सुरुवातीला अप्पर सायलेशिया भागात दुष्काळ आणि टायफसची साथ होती. लोक बहुतेक पोलिश बोलणारे, गरीब, जमीनदारांच्या ओझ्याखाली दबलेले. प्रशियाच्या सरकारने विरचोला पाहणीला पाठवलं. औषधं, विलगीकरण, स्वच्छता असा नेहमीचा अहवाल अपेक्षित होता. तीन आठवडे फिरून विरचोने लिहून दिलं की इथे माणसं गरिबी आणि सरकारच्या दुर्लक्षामुळे मरतायत. उपाय म्हणून त्याने सुचवलं त्यांच्या भाषेत शिक्षण, न्याय्य कर, रस्ते आणि लोकांच्या हातात कारभार. परत येऊन जेमतेम आठवडा झाला तोच बर्लिनमध्ये क्रांती पेटली आणि हा डॉक्टर चक्क रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उभा राहिला.

क्रांती चिरडली गेली. १८४९ मध्ये त्याला नोकरीवरून दूर केलं गेलं. डॉक्टरांनी ओरड केल्यावर अटी घालून परत घेतलं खरं, पण त्याने वुर्ट्सबुर्ग विद्यापीठाची वाट धरली. सात वर्षांनी, १८५६ मध्ये, बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावलं. त्याच वर्षी गुठळ्यांवरचं त्याचं लेखन संग्रहरूपात छापून आलं.

पुढचं आयुष्य एवढं भरगच्च की एका माणसाचं वाटत नाही. १८५८ मध्ये त्याने आजार पेशींच्या पातळीवर सुरू होतात हे मांडणारं पुस्तक काढलं. बर्लिनच्या नगरपालिकेत चाळीसहून जास्त वर्षं बसून शहराला भुयारी गटारं मिळावीत म्हणून झटला. संसदेत बिस्मार्कला इतका छळला की १८६५ मध्ये त्याने द्वंद्वाचं आव्हान दिलं. विरचोने ते नाकारलं. शस्त्र म्हणून त्याने जंतूंनी भरलेलं सॉसेज निवडलं, ही गोष्ट सोशल मीडियावर खूप फिरते, पण तिला भक्कम पुरावा नाही.

तो सगळीकडे बरोबर होता असंही नाही. बाळंतिणींना येणारा जीवघेणा ताप डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून पसरतो, हे झेमेलवाइस सांगत होता, तेव्हा विरचोने त्याला साथ दिली नाही. त्याच्या शब्दाला वजन होतं, त्यामुळे हा हट्ट महागात पडला.

बाळंतिणींचा गुठळीशीही जवळचा संबंध आहे. गुठळी का होते याची तीन कारणं डॉक्टर आजही विरचोच्या नावाने शिकतात. त्याने ती अशी एका सूत्रात बांधली नव्हती, हे नामकरण विसाव्या शतकातलं. पहिलं कारण म्हणजे रक्त साचून राहणं. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, पण प्रवासात किंवा अंथरुणावर हा पंप बंद असतो. दुसरं, ऑपरेशन किंवा अपघातात शिरेला झालेली इजा. तिसरं, रक्तच लवकर गोठायला लागणं. कॅन्सर, काही गर्भनिरोधक गोळ्या, काही आनुवंशिक दोष आणि गरोदरपण यांत तसं होतं. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे विशेष जोखमीचे असतात, म्हणजे नेमका आपल्याकडचा सव्वा महिना. या काळात बाळंतीण झोपून असते आणि रोज मालिशही होते. म्हणून तिचा एकच पाय सुजला तर मालिश थांबवून डॉक्टरकडे जायचं. आणि अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर कुणीही असो, वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

विरचोला गुठळी दिसायची ती माणूस गेल्यावर. आता डॉपलर सोनोग्राफीत डॉक्टर प्रोब शिरेवर दाबतात. निरोगी शीर दबते, गुठळी असलेली दबत नाही. जोखीम कमी वाटत असेल तर आधी डी-डायमर ही रक्ततपासणी करतात आणि ती नॉर्मल आली की बहुधा चिंता मिटते. फुफ्फुसाची शंका असेल तर सीटी स्कॅन.

उपचार मात्र विरचोच्या हातात काहीच नव्हता. हेपॅरिन सापडलं १९१६ मध्ये. वॉरफरिन आधी उंदीर मारायला वापरलं गेलं, मग १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. १९६० मध्ये ब्रिटनमध्ये फुफ्फुसात गुठळी गेलेल्या ३५ पेशंटवर चाचणी झाली. औषध न दिलेल्या १९ पैकी ५ जण गुठळीने गेले, औषध दिलेल्या १६ पैकी एकही नाही. लोक ज्याला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात, ती रक्त पातळ करतही नाही आणि गुठळी विरघळवतही नाही. ती गुठळी वाढू देत नाही, विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं. त्याला वेळ लागतो, म्हणून गोळ्या निदान तीन महिने चालतात. सूज उतरली म्हणून मनाने बंद करणं धोक्याचं आहे.

४ जानेवारी १९०२ ला ऐंशी वर्षांचा विरचो बर्लिनमध्ये चालत्या ट्रामवरून उतरायला गेला आणि पडला. मांडीचं हाड मोडलं. आज अशा पेशंटचं ऑपरेशन शक्यतो लवकर करतात, गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन देतात आणि वॉकर घेऊन उभं करतात. १९०२ मध्ये यातलं फारसं काही नव्हतं. त्याचं हाड जुळत आलं, पण तब्येत पुन्हा सावरली नाही. ५ सप्टेंबर १९०२ ला हृदय बंद पडून तो गेला. ज्या बर्लिनमधून कधीकाळी त्याला निघून जावं लागलं होतं, तिथेच त्याला मोठ्या सन्मानाने पुरलं.