इसामू नोगुची

इसामू नोगुची (१७ नोव्हेंबर १९०४, लॉस एंजेलिस – ३० डिसेंबर १९८८, न्यू यॉर्क) हे जपानी-अमेरिकन शिल्पकार होते. दगड व धातूतील शिल्पे, उद्याने, नर्तकी मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यनाट्यांची नेपथ्ये आणि फर्निचर असा त्यांच्या कामाचा मोठा पसारा होता. मात्र सामान्य घरांत ते पोहोचले ते १९५१ पासून रचलेल्या 'अकारी' या कागदी दिव्यांमुळे.

जीवन

नोगुची यांचे वडील योने नोगुची हे जपानी कवी, तर आई लिओनी गिल्मर या अमेरिकन लेखिका व संपादक होत्या. वडिलांनी मुलाच्या जन्मापूर्वीच अमेरिका सोडली होती. १९०७ मध्ये आई मुलाला घेऊन जपानला गेली, पण पित्याचे घर त्याला लाभले नाही. १९१८ मध्ये त्याला शिक्षणासाठी एकट्यालाच अमेरिकेतील इंडियाना राज्यात पाठवण्यात आले. जपानमध्ये परका आणि अमेरिकेतही परका, ही अवस्था त्यांना आयुष्यभर पुरली. वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते शिल्पकलेकडे वळले आणि १९२७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊन कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी यांचे साहाय्यक झाले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. नोगुची न्यू यॉर्कचे रहिवासी असल्याने त्यांच्यावर ही सक्ती नव्हती. तरीही १९४२ मध्ये ते स्वेच्छेने ॲरिझोनातील पोस्टन छावणीत दाखल झाले. तेथे उद्याने व हस्तकलेच्या सोयी उभारण्याचा त्यांचा मानस होता. योजना कागदावरच राहिल्या. बाहेर पडण्याची परवानगी मिळायलाही काही महिने गेले. सुटकेनंतरच्या वर्षांत त्यांनी 'ल्यूनर' ही शिल्पमालिका केली. या शिल्पांच्या पोकळीत विजेचे दिवे दडवलेले असत. प्रकाश हेच शिल्पाचे द्रव्य मानण्याची त्यांची दृष्टी येथे प्रथम स्पष्ट दिसते.

गिफू आणि कागदी कंदील

१९५१ मध्ये हिरोशिमा येथील पुलांच्या कठड्यांच्या कामासाठी जाताना नोगुची गिफू शहरात थांबले. नागारा नदीवर पाणकावळ्यांच्या साहाय्याने रात्री चालणारी मासेमारी त्यांना पाहायची होती. गिफू हे 'चोचिन' म्हणजे घडीच्या कागदी कंदिलांचे जुने केंद्र होते, परंतु युद्धानंतर या धंद्याला उतरती कळा लागली होती. धंदा सावरण्यासाठी नवे काही सुचवावे, अशी विनंती शहराच्या महापौरांनी त्यांना केली. नोगुची यांनी लगोलग पहिल्या रचना केल्या आणि ओझेकी या स्थानिक कंदील कारखान्याशी त्यांचा संबंध जुळला. तो अखेरपर्यंत टिकला.

चोचिन बनवण्याची कृती आपल्याकडील आकाशकंदिलापेक्षा वेगळी आहे. आकाशकंदिलात कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर कागद चिकटवतात आणि तो सांगाडा तसाच राहतो. चोचिनसाठी आधी लाकडी पाकळ्या जोडून साचा उभा करतात. त्याच्या कडांवरील खाचांतून बांबूची बारीक कामटी वरपासून खालपर्यंत नागमोडी नव्हे, तर वेटोळ्यासारखी फिरवली जाते. तिच्यावर कोझो या तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून केलेला कागद पट्ट्यापट्ट्यांनी चिकटवतात. कागद वाळला की साच्याचे तुकडे सुटे करून तोंडातून बाहेर काढतात. मागे उरते ते कागद आणि बांबूचे कवच. ते दाबले की सपाट होते, त्यामुळे दूरवर पाठवणे सोपे जाते.

ही कृती नोगुची यांनी तशीच ठेवली आणि बाकी बरेच काही काढून टाकले. ओबोन या पितरांच्या सणासाठी कंदिलांवर रंगवली जाणारी फुले-पाने गेली, वरची-खालची लाकडी कडी गेली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आला. कवच ताणून धरण्यासाठी आत तारेचा हलका आधार बसवला. गोलाखेरीज घन, स्तंभ, चकती असे आकार त्यांनी घडवले. काही रचनांत कामटीची वेटोळी मुद्दाम असमान अंतरावर घेतली. 'अकारी' या जपानी शब्दाचा अर्थ उजेड असा आहे. वजनाने हलके असणे हाही अर्थ नोगुची यांना त्यात अभिप्रेत होता. प्रत्येक दिव्यावर सूर्य आणि चंद्र यांचे लाल चिन्ह असते. पुढील सदतीस वर्षांत अशा शंभराहून अधिक रचना झाल्या.

हिरोशिमातील दुसऱ्या कामाचा अनुभव मात्र कडू ठरला. अणुबाँबच्या बळींसाठी त्यांनी केलेला स्मारकाचा आराखडा १९५२ मध्ये नाकारण्यात आला. बाँब टाकणाऱ्या देशाचे नागरिकत्व हे त्यामागचे कारण मानले जाते.

शिल्प की घरगुती वस्तू

अकारी दिव्यांच्या स्वस्त नकला लवकरच बाजारात आल्या. नोगुची यांचे उत्तर होते ते सतत नवे, अधिक अवघड आकार काढण्याचे. तरी पांढरा कागदी गोल जगभर इतका पसरला की त्याच्यामागे कोणी रचनाकार आहे, हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. कलाविश्वाची अडचण निराळी होती. दुकानात विकला जाणारा दिवा शिल्प कसा, असा आक्षेप घेतला जाई. नोगुची स्वतः हा भेद मानत नसत. १९८६ च्या व्हेनिस बिनालेत अमेरिकेचे प्रतिनिधित्व करण्याचा मान मिळाला, तेव्हा त्यांनी प्रदर्शनाला शिल्प म्हणजे काय, अशा अर्थाचे शीर्षक दिले आणि संगमरवरी शिल्पासोबत अकारी दिवेही मांडले. प्रतिष्ठेच्या व्यासपीठावर घरगुती दिवे नेणे हा धोका त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. त्याच वर्षी त्यांना क्योटो पुरस्कार मिळाला.

न्यू यॉर्कच्या लाँग आयलंड सिटी भागात त्यांनी स्वतः उभारलेले संग्रहालय १९८५ मध्ये खुले झाले. तेथे दगडी शिल्पांच्या शेजारी अकारी दिवेही पाहायला मिळतात. गिफू येथील ओझेकी कारखान्यात ते आजही हातानेच बनवले जातात.