फिनलंडचा एकलव्य : पावो नुर्मी

१९१२ सालचा जुलै महिना. फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील तुर्कू या शहरात पंधरा वर्षांचा एक मुलगा एका बेकरीत पोऱ्याचे काम करीत होता. मालाने भरलेल्या गाड्या शहरातील चढणींवरून ढकलीत नेणे हा त्याचा रोजचा उद्योग. त्याच महिन्यात समुद्रापलीकडच्या स्टॉकहोममधून एक वार्ता आली आणि साऱ्या फिनलंडभर पसरली. हान्नेस कोलेमाइनेन नावाच्या फिनिश धावपटूने ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि क्रॉस-कंट्री या तिन्ही शर्यती जिंकल्या होत्या. पाच हजार मीटरचे अंतर त्याने १४ मिनिटे ३६.६ सेकंदांत कापले होते. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. त्यामुळे कोलेमाइनेनच्या विजयानंतर ध्वज फडकला तो रशियाचा, आणि त्याची बोच फिनिश मनाला लागून राहिली. बेकरीतल्या त्या मुलाने काही दिवसांतच धावण्याचे आपले पहिले बूट विकत घेतले. त्याचे नाव पावो नुर्मी.

नुर्मीचा जन्म १३ जून १८९७ रोजी तुर्कूत झाला. वडील सुतारकाम करीत. १९१० मध्ये ते वारले आणि घराचा आधार तुटला. पावो थोरला. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली होतीच. राहत्या घराचे स्वयंपाकघरही भाड्याने देऊन कुटुंबाने एका खोलीत संसार आवरला. बेकरीच्या गाड्या चढावर रेटताना पाय आणि पाठ घडत गेली, असे पुढे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पण त्या वेळी तो व्यायाम नव्हता, पोटाची सोय होती.

कोलेमाइनेन त्याचा गुरू झाला तो दुरूनच. ऑलिम्पिकनंतर कोलेमाइनेन अमेरिकेस गेला आणि महायुद्धाची वर्षे तिकडेच राहिला. त्यामुळे तुर्कूतल्या शिष्याला गुरूचे पाऊल प्रत्यक्ष पाहून शिकण्याची संधी नव्हती. द्रोणाचार्यांची मूर्ती मांडून धनुर्विद्या शिकणाऱ्या एकलव्याप्रमाणे त्याने एका नावासमोर सराव मांडला. उन्हाळ्यात रानावनातून धावायचे, हिवाळ्यात बर्फावर स्कीइंग करायचे, असा त्याचा क्रम होता. १९१४ मध्ये तो तुर्कूच्या क्रीडासंघात दाखल झाला आणि तीन हजार मीटरची आपली पहिली शर्यत त्याने जिंकली.

मूर्तीसमोर शिकण्यात निष्ठा असते, पण चूक दाखवणारे कोणी नसते. नुर्मीच्या सरावात ही उणीव बरीच वर्षे राहिली. तो लांब चालत असे, लांब धावत असे, पण एकाच संथ गतीने. त्यातून दम वाढला, वेग मात्र वाढेना. पुढे आपल्या उमेदवारीच्या काळाकडे वळून पाहताना त्याने या वर्षांविषयी कठोर मत दिले. सराव एकांगी होता, वेगाच्या धावांकडे दुर्लक्ष झाले आणि त्यामुळे प्रगतीची काही वर्षे वाया गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. अंतर कापण्याची सवय आणि शर्यत जिंकण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला अनुभवाने कळले.

ही उणीव भरून काढण्यास दुसऱ्या एका जाणकाराचे विचार उपयोगी पडले. लाउरी पिहकाला हा फिनिश क्रीडाक्षेत्रातील अभ्यासू गृहस्थ. बेसबॉलवरून पेसापालो हा फिनिश खेळ घडवणारा म्हणूनही तो ओळखला जातो. श्रम आणि विश्रांती यांची आलटून पालटून मांडणी करावी, लांब संथ धावेत थोडक्या अंतराच्या वेगवान धावा मिसळाव्यात, असे तो सांगे. आज अशा सरावाला ‘इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात आणि शाळकरी धावपटूलाही तो ठाऊक असतो. त्या काळी मात्र थकेपर्यंत पळणे हाच सराव, अशी समजूत दृढ होती.

एप्रिल १९१९ मध्ये नुर्मी सैन्यात भरती झाला. तोवर फिनलंड स्वतंत्र झाला होता. सैन्यातील एका संचलन स्पर्धेत खांद्यावर रायफल, कमरेला काडतुसांचा पट्टा आणि पाठीवर पाच किलो वाळूची पिशवी घेऊन अंतर कापायचे होते. इतर सैनिक चालले, नुर्मी सगळे अंतर धावला. तो इतक्या लवकर पोहोचला, की त्याने वाटेत आडमार्ग घेतला असावा, अशी काही अधिकाऱ्यांना शंका आली. सैन्यात सरावाला वेळ आणि सोय दोन्ही मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो अँटवर्प ऑलिम्पिकसाठी निवडला गेला.

अँटवर्पमध्ये नुर्मीला पहिला मोठा धडा मिळाला तो पराभवातून. पाच हजार मीटरच्या शर्यतीत त्याने पुढे राहून वेग वाढवत नेला, पण फ्रान्सचा जोसेफ गिल्मो त्याच्या पाठीशी चिकटून राहिला आणि अखेरच्या टप्प्यात पुढे निघून गेला. नुर्मीला रौप्यपदक मिळाले. काही दिवसांतच दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्याने गिल्मोला मागे टाकून पहिले सुवर्ण मिळवले. क्रॉस-कंट्रीत वैयक्तिक आणि सांघिक अशी आणखी दोन सुवर्णपदके त्याच्या नावावर जमा झाली.

याच ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेहून आलेला कोलेमाइनेनही फिनलंडकडून उतरला होता. तीस वर्षांचा हा धावपटू आता मॅरेथॉन धावणार होता. महायुद्धाने त्याची ऐन उमेदीची वर्षे गिळली होती, तरी २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत त्याने ही शर्यत जिंकली. त्या शर्यतीशी बेळगावचेही एक नाते आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचा पहिला चमू त्या ऑलिम्पिकला गेला होता. पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत ग्रामीण धावपटूंची चिकाटी पाहून टाटांच्या मनात ही कल्पना आली होती. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. त्यांना लागलेला वेळ २ तास ५० मिनिटांहून थोडा अधिक होता. विजेत्याच्या मागे फिनलंडमधील धावण्याची एक चालती परंपरा, क्रीडासंघ आणि जाणकार उभे होते. चौगुले ज्या चमूतून गेले, त्याच्यापुढे मळलेली वाट नव्हती. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एकोणिसाव्या क्रमांकाची थोरवी उमगते.

अँटवर्पनंतर नुर्मीच्या हातात स्टॉपवॉच दिसू लागले आणि तीच त्याची ओळख झाली. प्रतिस्पर्धी काय करतो आहे, यापेक्षा आपण ठरवलेल्या गतीने धावतो आहोत की नाही, हे तो पाहू लागला. आरंभी जोर करून नंतर दमण्यापेक्षा सारे अंतर सम गतीने कापणे शरीराला स्वस्त पडते, हा त्याचा हिशेब होता. शर्यतीच्या मध्यावर मनगट वळवून घड्याळाकडे पाहणारा हा अबोल माणूस प्रेक्षकांना यंत्रासारखा वाटे. परंतु त्या यंत्रवत् धावण्यामागे स्वतःची तपासणी स्वतःच करण्याची शिस्त होती. प्रत्यक्ष गुरू जवळ नसलेल्या शिष्याने घड्याळालाच परीक्षक नेमले होते. १९२१ मध्ये त्याने दहा हजार मीटरचा विश्वविक्रम केला. १९२३ मध्ये स्टॉकहोम येथे स्वीडनच्या एडविन विडे याला हरवून त्याने एक मैलाचे अंतर ४ मिनिटे १०.४ सेकंदांत पार केले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठीची त्याची तयारी हा त्याच्या शिक्षणाचा परिपाक होता. सकाळी दहा ते बारा किलोमीटर चालणे, त्यात मधूनमधून वेगाच्या छोट्या धावा. मग व्यायाम आणि ऐंशी ते एकशे वीस मीटरच्या चार-पाच जोरदार धावा. त्यानंतर चारशे ते हजार मीटरपर्यंतचे अंतर घड्याळ लावून, आणि तीन-चार हजार मीटरची धाव, जिची शेवटची फेरी वेगात. संध्याकाळी पुन्हा रानातून चार ते सात किलोमीटर. एकेकाळी संथ गतीत अडकलेला धावपटू आता एका दिवसात चार-पाच वेगवेगळ्या गतींनी धावत होता. वसंतात बर्फाळ वाटेवर घसरून त्याचा गुडघा दुखावला, तरी तो सावरला.

पॅरिसच्या कार्यक्रमपत्रिकेत पंधराशे आणि पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, अगदी लागून होत्या. फिनलंडने हरकत घेतल्यावर मधले अंतर वाढवण्यात आले, तरी ते तासाभराच्या आतलेच राहिले. नुर्मीने जूनमध्ये हेलसिंकीला याची रंगीत तालीम केली. साधारण तासाभराच्या अंतराने तो दोन्ही शर्यती धावला आणि दोहोंत त्याने विश्वविक्रम नोंदवले. १० जुलै रोजी पॅरिसमध्ये त्याने आधी पंधराशे मीटरची शर्यत जिंकली. पाच हजार मीटरमध्ये त्याला थकवण्यासाठी विडे आणि त्याचाच देशबांधव विले रितोला यांनी सुरुवातीलाच वेग झपाट्याने वाढवला. नुर्मी त्या मोहात पडला नाही. घड्याळ सांगेल तसा धावत त्याने दोघांना गाठले आणि अखेरीस रितोलाला अवघ्या ०.२ सेकंदांनी मागे टाकले.

दोन दिवसांनी क्रॉस-कंट्रीची शर्यत झाली. पॅरिसमध्ये उन्हाचा कहर होता. अडतीस धावपटू निघाले, त्यांतील पंधराच जण शर्यत पूर्ण करू शकले. कोणी वाटेत कोसळले, कोणाला दिशेचे भान राहिले नाही. नुर्मी मात्र पहिला आला आणि फारसा थकल्यासारखाही दिसला नाही. सांघिक शर्यती धरून पॅरिसमध्ये त्याने पाच सुवर्णपदके मिळवली. दहा हजार मीटरमध्ये मात्र फिनिश अधिकाऱ्यांनी त्याला उतरवलेच नाही. ती शर्यत रितोलाने जिंकली आणि हे शल्य नुर्मीच्या मनात राहिले.

१९२८ मध्ये अॅमस्टरडॅमला त्याने दहा हजार मीटरचे सुवर्ण आणि आणखी दोन रौप्यपदके मिळवली. अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्राथमिक फेरीत तो पाण्याच्या खड्ड्यात पडला असता फ्रान्सच्या लुसियाँ ड्यूकेन याने थांबून त्याला हात दिला. नुर्मीने त्याची परतफेड आपल्या परीने केली. तो ड्यूकेनला सोबत घेऊन पुढच्या धावपटूंपर्यंत पोहोचला आणि शेवटी त्याला पहिला क्रमांक देऊ केला. ड्यूकेनने तो नम्रपणे नाकारला. कोणाशी फारसे न बोलणाऱ्या नुर्मीच्या आयुष्यातील हा प्रसंग त्याचा स्वभाव समजून घेण्यास उपयोगी आहे.

तोवर नुर्मीकडे नऊ सुवर्ण आणि तीन रौप्य अशी बारा ऑलिम्पिक पदके जमा झाली होती. तरी एक इच्छा उरली होती. कोलेमाइनेनने मॅरेथॉनच्या सुवर्णाने आपल्या ऑलिम्पिक कारकिर्दीचा कळस केला होता. आपलाही शेवट तसाच व्हावा, असे शिष्याला वाटत होते. जून १९३२ मध्ये व्हीपुरी येथील निवड शर्यतीत तो ४०.२ किलोमीटरचे अंतर २ तास २२ मिनिटे ३.८ सेकंदांत धावला. परंतु जर्मनीतील शर्यतींसाठी त्याने प्रवासखर्चाच्या नावाखाली वाजवीपेक्षा अधिक पैसे घेतल्याचा आरोप झाला होता आणि आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने त्याला निलंबित केले होते. तो लॉस एंजेलिसला पोहोचला, तेथे सरावही केला. पण त्याला धावू देण्यात आले नाही. खेळातून पैसा घेणे हा तेव्हा गुन्हा होता. हजारो प्रेक्षक मात्र तिकीट काढून त्याच खेळाडूला पाहायला येत. वयाच्या बाराव्या वर्षापासून श्रमाचे मोल जाणणाऱ्या नुर्मीला हा न्याय कधीच पटला नाही. मॅरेथॉनचे सुवर्ण राहून गेले ते कायमचेच.

पुढे तो हेलसिंकीत बांधकाम व्यवसायात शिरला, त्याने कापडचोपडाचे दुकानही काढले आणि हिशेबी बुद्धीच्या बळावर संपन्न झाला. शिकलेली विद्या मात्र त्याने स्वतःपाशी ठेवली नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी त्याने फिनिश धावपटूंना मार्गदर्शन केले. स्वीडनशी क्रीडासंबंध पुन्हा जोडण्याच्या वादात तो मध्यंतरी बाजूला झाला होता. तीन महिन्यांनी तो परतला. बर्लिनमध्ये दहा हजार मीटरची तिन्ही पदके फिनलंडच्या सालमिनेन, आस्कोला आणि इसो-होलो यांनी जिंकली. ज्याला तरुणपणी चूक दाखवणारे कोणी नव्हते, तो आता इतरांच्या चुका वेळीच दाखवू शकत होता.

१९ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी ऑलिम्पिकचे उद्घाटन पावसात झाले. मशाल घेऊन शेवटचा धावक कोण येणार, याची उत्सुकता शिगेला पोहोचली होती. स्टेडियमच्या दारातून पंचावन्न वर्षांचा नुर्मी धावत आत आला. तीच ताठ पाठ, तीच लांब पावले. धावण्याची ती ढब प्रेक्षकांनी क्षणात ओळखली आणि एकच जल्लोष झाला. त्याने मैदानावरील ज्योत पेटवली. मशाल पुढे उंच मनोऱ्याकडे गेली. मनोऱ्यावरील ज्योत पेटवण्याचा मान बासष्ट वर्षांच्या हान्नेस कोलेमाइनेनचा होता. चाळीस वर्षांपूर्वी बेकरीच्या पोऱ्याने ज्याचे नाव ऐकून बूट विकत घेतले, त्या गुरूकडे शिष्याने आणलेला अग्नी पोहोचला होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या. वेगाच्या धावा पुनःपुन्हा करण्याची पद्धत त्याने नुर्मीच्याही फार पुढे नेली होती.

उतारवयात नुर्मीला हृदयविकाराने ग्रासले. त्याने हृदयरोगाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला. २ ऑक्टोबर १९७३ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, हेलसिंकीत त्याचे निधन झाले. शासकीय इतमामात निरोप देऊन त्याला तुर्कूच्या मातीत विसावा देण्यात आला. एकलव्याला गुरुदक्षिणा म्हणून अंगठा द्यावा लागला होता. फिनलंडच्या या एकलव्याला आपल्या विद्येतले काहीही कापून द्यावे लागले नाही. त्याने ती पुढच्यांना वाटली, आणि गुरूसाठी पावसातून धावत एक मशाल आणली.