सेनापती बापट : मुळशीपासून गोव्याच्या सरहद्दीपर्यंत



आपल्या मराठवाड्यात १७ सप्टेंबरचं महत्त्व मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपण पुढचे तेरा महिने निजामाच्या राजवटीतच होतो. मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर या भागातल्या घराघरांत रझाकारांच्या काळातल्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. पण आपल्या राज्याला लागूनच असलेला गोवा आपल्यानंतरही तेरा वर्षं परक्यांच्या ताब्यात होता, हे मात्र बऱ्याच मुलांना ठाऊक नसतं. पाचवी-सहावीच्या वर्गात हे सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो, की इंग्रज गेले तेव्हा गोवा का नाही सुटला?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडतं. ते म्हणजे पांडुरंग महादेव बापट, अर्थात सेनापती बापट. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. रस्त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, माणूस मात्र फारसा माहीत नसतो. म्हणून आजचा हा पाठ.

जन्म आणि शिक्षण

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. त्या काळात चापेकर बंधूंच्या बलिदानाचा तरुणांवर मोठा प्रभाव होता. कॉलेजात असतानाच बापटांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली.

अभ्यासातल्या हुशारीवर त्यांना विलायतेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे गेले. तिथे ते इंग्रजांच्याच भूमीवर इंग्रजी राजवटीच्या अन्यायाबद्दल उघडपणे बोलू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला, शिष्यवृत्ती बंद पडली. नोकरी, पगार, मान हे सगळं समोर दिसत असताना त्यांनी ते सोडलं.

बॉम्बची विद्या

लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या इंडिया हाऊसशी आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांशी त्यांचा संबंध आला. मग ते पॅरिसला गेले. बंगालचे क्रांतिकारक हेमचंद्र दास हेही तिथे होते. रशियन क्रांतिकारकांकडून त्यांनी बॉम्ब बनवण्याची माहिती मिळवली आणि १९०८ मध्ये बापट ती घेऊन भारतात परतले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदाराने बापटांचं नाव घेतलं आणि त्यांना भूमिगत व्हावं लागलं. सुमारे चार वर्षं ते वेशांतर करून फिरत राहिले. १९१२ मध्ये इंदूरला ते पकडले गेले, पण पुरेसा पुरावा नसल्यामुळे पुढे सुटले.

हातात झाडू

सुटून आल्यावर या माणसाने जे केलं ते मुलांना आवर्जून सांगण्यासारखं आहे. बॉम्बची विद्या शिकून आलेले बापट पारनेरचे रस्ते झाडू लागले. सकाळी उठून गाव झाडायचा, हे काम कमी दर्जाचं मानायचं नाही, आणि ते करणाऱ्या माणसालाही कमी लेखायचं नाही. मुलाच्या जन्मानंतर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना घरी जेवायला बोलावलं. १९१४ साली खेडेगावात असं करणं म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणं होतं. मुंबईत झाडूवाल्यांच्या हक्कांसाठीही त्यांनी काम केलं आणि अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी खटपट केली.

मुळशी सत्याग्रह आणि 'सेनापती' ही पदवी

पुण्याजवळ मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधायला घेतलं. त्यात मावळातली बावन्न गावं बुडणार होती. भाताची खाचरं, घरं, देवळं सगळं जाणार. शेतकऱ्यांना नीट विचारलंसुद्धा नव्हतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासोबत बापट या लढ्यात उतरले. याच लढ्याने त्यांना 'सेनापती' हे नाव दिलं.

बापटांना वारंवार तुरुंगात जावं लागलं. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र झालंच. गावं बुडाली. लढा हरला हे मुलांपासून लपवू नये. धरणामुळे उठलेल्या माणसांच्या प्रश्नासाठी आपल्या देशात झालेला हा अगदी सुरुवातीचा संघटित लढा होता, आणि हरलेल्या लढ्यालाही इतिहासात जागा असते, हे मुलांना कळायला पाहिजे.

हैदराबाद संस्थान आणि आपण

१९३१ मध्ये सुटल्यावर ते काँग्रेसच्या कामात आले, पुन्हा भाषणासाठी तुरुंगात गेले, नंतर सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये काम केलं. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे १९३८-३९ मध्ये हैदराबाद संस्थानात नागरी हक्कांसाठी सत्याग्रह सुरू झाले, तेव्हा बापटांनी त्यातही उडी घेतली आणि अटक पत्करली. पारनेरचा हा माणूस निजामाचा प्रजाजन नव्हता. पण गुलामी कोणाची का असेना, ती आपलीच, अशी त्यांची वृत्ती होती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. वय तेव्हा ६६ होतं. दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता.

गोवा का सुटला नव्हता?

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. गोवा इंग्रजांचा नव्हताच. १५१० मध्ये पोर्तुगालच्या अल्बुकर्कने तो जिंकला होता. म्हणजे इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून गोवा, आणि पुढे दमण-दीव, पोर्तुगीजांकडे होते. इंग्रज गेले तरी पोर्तुगीजांनी जायला नकार दिला. १९५० मध्ये आपलं प्रजासत्ताक झालं आणि त्याच वर्षी भारताने पोर्तुगालकडे वाटाघाटींची मागणी केली. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार ऐकेनात. उलट १९५१ मध्ये त्यांनी घटनेत बदल करून वसाहतींना पोर्तुगालचे सागरापलीकडचे प्रांत म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं की वसाहत ही वसाहत राहत नाही, असा त्यांचा हिशेब. शेवटी १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

गोव्यात लोक गप्प नव्हते. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सभेनंतर चळवळीने जोर धरला होता. सभा घ्यायची, भाषण करायचं तरी परवानगी लागायची, आणि बोललं की तुरुंग. १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली हा भाग स्वयंसेवकांनी मुक्त केला. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष गोव्याकडे लागलं.

१८ मे १९५५

त्या दिवशी सत्याग्रहींची एक मोठी तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. नेतृत्व नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांचं. बापट तेव्हा ७४ वर्षांचे होते. मे महिन्याचं ऊन, कोकणातला चढ-उताराचा रस्ता, हातात कोणतंही शस्त्र नाही आणि समोर बंदूकधारी पोलिस. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना मारहाण केली. नानासाहेब गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे मधू लिमये यांनाही तशीच मोठी शिक्षा झाली.

इथे थोडं थांबून मुलांना विचार करायला लावा. तरुणपणी पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकलेला हाच माणूस म्हातारपणी रिकाम्या हातांनी बंदुकीपुढे उभा राहिला. तो बदलला का? माझ्या मते त्यांचं ध्येय शेवटपर्यंत तेच राहिलं, साधन मात्र त्यांनी वेळ आणि परिस्थिती पाहून निवडलं.

त्यानंतर १५ ऑगस्ट १९५५ ला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले हजारो सत्याग्रही सरहद्दीवर जमले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक जण ठार झाले. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पडले. सगळा देश हळहळला. पण सरकारने सैन्य पाठवलं नाही, उलट पुढच्या सत्याग्रहींना हद्द ओलांडायला मनाई केली. लोक चिडले. आपली माणसं मरतात आणि सरकार बघत बसतं, असं अनेकांना वाटलं. सरकारची अडचण वेगळी होती. पाच वर्षांचं कोवळं प्रजासत्ताक जगाला शांततेचा मार्ग सांगत होतं. पोर्तुगाल नाटो गटाचा सदस्य होता. युद्ध केलं तर जग काय म्हणेल, हा प्रश्न होता. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवाव्यात, निवाडा त्यांना करू द्यावा.

या काळात गोव्यात शिक्षक म्हणून राहून चळवळ करणारे मोहन रानडे पकडले गेले. त्यांची सुटका १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षांनी, पोर्तुगालच्या तुरुंगातून झाली. आपण शिक्षक आहोत, हे नाव आपण तरी विसरू नये.

शेवटी युद्ध

नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या भारतीय बोटीवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. मग निर्णय झाला. 'ऑपरेशन विजय' या मोहिमेत भूदल, नौदल आणि हवाई दल तिन्ही उतरले. दक्षिण कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल जयंतनाथ चौधरी. १९४८ मध्ये सोलापूरकडून हैदराबादवर चालून गेलेल्या फौजेचे प्रमुखही हेच चौधरी होते. म्हणजे आपली मुक्ती आणि गोव्याची मुक्ती यांत हा एक धागा समान आहे.

सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. पण गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी विनाश टाळला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना याची शिक्षा भोगावी लागली. मोहीम दोन दिवसांत संपली, पण दोन्ही बाजूंचे सैनिक कामी आले. ४५१ वर्षांची सत्ता संपली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, तो सोव्हिएत रशियाने नकाराधिकार वापरून रोखला. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं ते १९७४ मध्ये, तिथली हुकूमशाही पडल्यावर.

अखेरची वर्षे

गोव्याहून आल्यावर बापट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईत विधानसभेवर गेलेल्या मोर्चाच्या अग्रभागी तेच होते. महाराष्ट्र राज्य झालेलं त्यांनी पाहिलं, गोवा मुक्त झालेला पाहिला. योगी अरविंदांच्या ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. सत्तेचं पद त्यांनी कधी घेतलं नाही.

वर्गात काय करता येईल?

१. नकाशावर पारनेर, मुळशी, हैदराबाद, पत्रादेवी, पणजी ही ठिकाणं मुलांकडून दाखवून घ्यावीत. एका आयुष्याचा प्रवास डोळ्यांसमोर येतो.

२. १५ ऑगस्ट १९४७, १७ सप्टेंबर १९४८, २६ जानेवारी १९५० आणि १९ डिसेंबर १९६१ या चार तारखांची कालरेषा भिंतीवर लावावी. स्वातंत्र्य सगळ्यांना एकाच दिवशी मिळालं नाही, हे न सांगता कळतं.

३. १९५५ मध्ये सरकारने सैन्य पाठवायला हवं होतं का, यावर मोठ्या वर्गात दोन गट करून चर्चा घ्यावी. कोणताही गट चूक ठरवू नये. कारणं मात्र मागावीत.

४. पालकांसाठी : गावात मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगणारी थोरली मंडळी असतील तर मुलांना त्यांच्याकडे घेऊन जा. ऐकलेलं मुलांना वहीत लिहायला सांगा. पुढच्या पिढीला ते मिळणार नाही.

५. शाळेचा परिसर झाडण्याचं काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. बापटांनी जे काम मानाने केलं, ते आपण शिक्षा केलं तर हा पाठ शिकवून काही उपयोग नाही. त्या दिवशी आधी शिक्षकाने झाडू हातात घ्यावा, मुलं आपोआप येतात.

हा पाठ १२ नोव्हेंबरला, त्यांच्या जयंतीच्या दिवशी परिपाठात घेता येईल, किंवा १९ डिसेंबरला. आपल्या शाळेत घेतला तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.