आजोबांनी शिजवलेले दूध

राजूरला दुधाची वाण नाही. इथले डांगी जनावरांचे प्रदर्शन दूरवर ठाऊक आहे आणि भंडारदऱ्याहून परतणारा माणूस इथला पेढा घेतल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. अशा गावात माझा नातू डब्यातल्या पावडरीवर वाढत होता. लेकीला बाळंतपणानंतर दुखणे लागले, अंगावरचे दूध पुरेना, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा आला. डब्यामागोमाग गॅस. पोट टम्म, पाय पोटाशी आणि दिवेलागण झाली की रडणे. आम्ही महिन्यात तीन डबे बदलले. पहिला डॉक्टरांचा, दुसरा शेजारणीने सुचवलेला, तिसरा व्याह्यांनी आणलेला.

त्या जागरणांत मी या डब्याचे मूळ शोधू लागलो, तर तिथेही एक आजोबाच भेटले.

युस्टुस फोन लीबिग १८०३ साली जर्मनीत डार्मस्टाटला जन्मले. वडिलांचा रंग-रसायनांचा धंदा, त्यामुळे लहानपण बरण्यांच्या सहवासात गेले. एकविसाव्या वर्षी ते गीसेनला प्राध्यापक झाले आणि विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करून रसायनशास्त्र शिकायचे, ही रीत त्यांनी तिथे रुजवली. पिकाला मातीतून कोणती द्रव्ये लागतात, हेही त्यांनीच जगाच्या गळी उतरवले. आमचा भातवाला खताच्या गोणीवरचे आकडे वाचतो, त्यामागे लीबिग आहेत. जे द्रव्य सर्वांत तोकडे, तिथे पिकाची वाढ अडते, हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. (मांडला आधी श्प्रेंगेल यांनी, नाव मात्र लीबिगांचे झाले.)

१८५२ साली ते म्युनिकला गेले. साठी उलटल्यावर लेक योहानाला बाळाला पाजता येईना, तेव्हा या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने घरासाठी पातेले चढवले. आईच्या दुधात काय किती असते, याची मोजमापे त्यांच्यापुढे होती. एक भाग गव्हाचे पीठ, एक भाग मोड आणलेल्या सातूचे, दहा भाग गाईचे दूध, थोडे पाणी आणि चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट. मंद आचेवर ढवळत राहायचे. मोडाच्या पिठामुळे स्टार्चची साखर होते आणि दाट खळ पातळ, गोड होते. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. घरच्या बाळाला ते मानवले. १८६५ साली कृती छापून आली, आणि ढवळत बसायला वेळ कुणाला, म्हणून थोड्याच वर्षांत तयार मालही विक्रीला आला.

१८६७ साली पॅरिसमध्ये देपोल नावाच्या प्रसूतितज्ज्ञांनी हे अन्न चार नवजात बाळांना दिले. चारही बाळे काही दिवसांत दगावली.

मला हे वाचून रात्रभर झोप आली नाही. लीबिग निष्काळजी नव्हते. त्यांचा हिशेब त्या काळापुरता बरोबर होता, पण त्यात सगळी द्रव्येच नव्हती. व्हिटॅमिन हे नाव पडले १९१२ साली. आंबण्यामागे जिवंत सूक्ष्म जीव असतात, हे पाश्चर सांगत होते आणि लीबिग शेवटपर्यंत त्यांच्याशी भांडत राहिले. तोकड्या द्रव्याचा नियम जगाला शिकवणाऱ्याच्या पातेल्यातच काय तोकडे आहे, ते त्यांना दिसले नाही. १८७३ साली ते म्युनिकलाच वारले. तोवर स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांचे दूध-पिठाचे अन्न बाजारात जम बसवून होते.

आमच्या डॉक्टरांनी तिन्ही डबे शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली. घटक जवळजवळ तेच! गॅस बहुधा गिळलेल्या हवेचा, म्हणाले. बाटली खळखळून हलवली तर फेस बसू द्या, बाळाला तिरके धरून पाजा, मग ढेकर काढा. चमचा सपाट भरा. पाणी वाढवून दूध पातळ करू नका. दर चार दिवसांनी डबा बदलला तर कशाचा गुण आला तेही कळत नाही. शौचातून रक्त, हिरवी उलटी किंवा न वाढणारे वजन दिसले, तर मात्र डबा नव्हे, डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. शेजारणीला आणि व्याह्यांना ती कशी लागू होणार!

तिसराच डबा चालू ठेवला. उघडलेले दोन महिना उलटल्यावर टाकून दिले, पैसे गेले. साडेतीन महिन्यांचा झाल्यावर नातवाचे संध्याकाळचे रडणे आपोआप ओसरले. व्याही अजून सांगतात, डबा त्यांनी आणला होता.