हर्मन मेलव्हिल : उपेक्षित प्रतिभावंत

अनुकरणात यश मिळवण्यापेक्षा स्वतंत्र वाटेवर अपयश आलेले बरे, असे मत अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल याने १८५० साली एका लेखात मांडले. पुढे त्याला या मताची पुरेपूर किंमत मोजावी लागली.

१ ऑगस्ट १८१९ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचा जन्म झाला. १८३२ साली वडील कर्जबाजारी अवस्थेत वारले. कारकुनी, मास्तरकी करून झाल्यावर १८४१ मध्ये तो देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला. मार्केसस बेटांवर तो जहाज सोडून पळाला. तेथील अनुभवांवरच्या ‘टायपी’ने (१८४६) त्याला नाव मिळवून दिले.

वाचकांना तशीच साहसकथा हवी होती. त्याने मात्र ‘मोबी डिक’ (१८५१) लिहिली आणि ती आपला मित्र नथॅनिएल हॉथॉर्न याला अर्पण केली. आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशावर सूड घेऊ पाहणारा कॅप्टन एहॅब अखेर स्वतःसह जहाजाचाही नाश ओढवून घेतो. हे गूढ, गंभीर नाट्य वाचकांना रुचले नाही.

पोटासाठी मेलव्हिलने १८६६ पासून एकोणीस वर्षे न्यूयॉर्क बंदरात जकात खात्याची नोकरी केली. पण लेखणी खाली ठेवली नाही. २८ सप्टेंबर १८९१ रोजी तो वारला, तेव्हा जग त्याला जवळजवळ विसरले होते. मागे राहिलेल्या हस्तलिखितातून ‘बिली बड’ ही कथा १८२४ नव्हे, तर मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, १९२४ साली प्रसिद्ध झाली. तोवर ‘मोबी डिक’चेही मोठेपण जगाला उमगू लागले होते.

परीक्षेचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत लागतो. साहित्याचा निकाल लागायला कधी कधी एक आयुष्य पुरत नाही.